पेनड्राइव्ह काढल्यावर राहिलेला आवाज

हॉस्पिटलच्या तळघरात एक बंद खोली होती. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची पट्टी. आत बसलं की स्वतःचा श्वाससुद्धा परक्याचा वाटे. ज्यांच्या घशातली स्वरपेटी काढायची असे, त्यांचा आवाज ऑपरेशनआधी तिथे साठवून ठेवत, म्हणजे पुढे यंत्रातून का होईना, पण स्वतःच्या आवाजात बोलता येई. हे काम करणाऱ्या बाईंना सगळे आवाजताई म्हणत. नवरा चिडवायचा, "जगाचे आवाज साठवतेस, घरात मात्र तुझाच साठलाय!" त्याही हसायच्या. पण त्या खोलीबद्दल घरी फारसं बोलायच्या नाहीत.

एका दुपारी घोषणाकाका आले. उभा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलेला. घसा बसला होता, तरी आवाजातला रुबाब सुटला नव्हता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्यांनी माइकसमोर बसून एकेक वाक्य वाचलं. "पाणी दे." "दार लाव." "मला बरं वाटतंय." शेवटच्या वाक्याला ते अडखळले आणि स्वतःच हसले.

वाचून होताच ताईंनी थांबवायचं बटण दाबलं. काकांसोबत आलेल्या त्यांच्या लेकीला वॉर्डातून फोनवर फोन येत होते. "झालं ना ताई?" म्हणत तिने पेनड्राइव्ह उपसलासुद्धा.

"अगं, थांब! दिवा लुकलुकतोय अजून!"

पण ती वडलांना घेऊन लिफ्टपाशी पोहोचली होती. ताईंनाही वरून बोलावणं आलं. संगणक त्या कधी बंद करत नसत. त्यांनी त्याचा पडदा तेवढा मिटला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक परत आली ती रडकुंडीला येऊन. "फाइल दिसते, पण आत काहीच नाही. आणि बाबांना तर सकाळीच आत नेलं हो!"

आवाज आधी संगणकाच्या आठवणीत जमतो आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरतो. तो उतरायच्या आतच ड्राइव्ह निघाला होता. ताई तिला घेऊन लगबगीने खाली गेल्या, पडदा उजळला. मधोमध चौकट होती: 'लिहिणे अपूर्ण. तोच ड्राइव्ह परत लावा.' देव पावला! वीज गेली असती तर सगळ्यावर पाणी पडलं असतं.

पण माइकचा लाल दिवाही चालूच होता. संगणक अडकला होता, त्यामुळे थांबवल्याचं त्याला कळलंच नव्हतं. खोली रात्रभर ऐकत बसली होती.

लेकीने ड्राइव्ह लावला. आवाज उतरू लागला, आणि कितीतरी वेळ उतरतच राहिला. मग दोघींनी कानाला हेडफोन लावले. वाक्यं जशीच्या तशी होती. पुढे खुर्ची सरकली, कुलूप लागलं. मग नुसती शांतता. ताईंनी फाइल पुढे ढकलली. आवाजाची सपाट रेघ एका जागी अचानक उसळली होती.

"चिमणे, ऐकतेस ना?"

काकांचाच आवाज. माइकला ओठ टेकवल्यासारखा जवळ. आणि घसा मुळीच बसलेला नव्हता.

"उद्यापासून माझं बोलणं बंद. तुला हाक मारायची ती आजच मारून घेतो." मग थोडी शांतता, समोरचं माणूस बोलत असल्यासारखी. "हो गं, घेतली गोळी." परत शांतता. "नाही, पोरीला नको सांगू."

लेक पांढरीफटक पडली होती. "चिमणी म्हणजे आई. तिला जाऊन किती वर्षं झाली…"

"बाबा रात्री खाली आले होते?"

"कसे येतील? सलाइन लावलेलं. मी उशाशीच होते. ते तोंडातून अक्षर काढत नव्हते."

ताईंनी पर्समध्ये हात घातला. किल्ली होती तिथेच होती.

काका बसते झाल्यावर दोघींनी त्यांना ते ऐकवलं. गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. ऐकता ऐकता ते जराही दचकले नाहीत. खडू घेऊन त्यांनी लिहिलं, 'हे मी बोललो नाही. पडल्या पडल्या मनात म्हणत होतो.'

लेकीने हळूच विचारलं, "आणि मध्ये मध्ये आई काय म्हणाली?"

काकांनी लिहिलेलं तळहाताने पुसलं आणि पाटी उशीखाली सरकवली.

यंत्र आलं. काका आता त्यातूनच पाणी मागतात, दार लावायला सांगतात. उरलेलं रेकॉर्डिंग लेकीने पुसू दिलं नाही, आणि पुन्हा ऐकलंही नाही. आवाजताई आजही त्याच खोलीत काम करतात. निघताना मात्र लाल दिवा विझल्याचं वाकून बघतात आणि माइकची वायरच उपटून ठेवतात. नवऱ्याने कारण विचारलं तर म्हणतात, "ज्याचं त्याच्या मनात राहिलेलं बरं."