मुंडासं आणि फुकटची वडी

शेजारणीच्या दोरीवरून त्या साबणाचा वास आला की अजून मला सासऱ्यांचं मुंडासं आठवतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पौडच्या बाजारात मोटार घेऊन आलेला साबणवाला, मळका कपडा देईल त्याला वडी फुकट, असं ओरडत होता. कुणी पुढे येईना, तेव्हा त्याने हसत माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावरचं मुंडासं उचललं आणि बादलीत बुडवलं. आमच्याकडे पुरुष उघड्या डोक्याने दिसतो तो मयतालाच. सासऱ्यांच्या कमरेला कोयता होता. "धू," ते आवाज न चढवता म्हणाले, "आन् त्ये वाळंस्तवर तुजी टोपी माज्या डोस्क्यावर ठिव." त्याने लगेच काढून ठेवली. मुंडासं पांढरंशुभ्र निघालं, लोकांनी साबणाच्या पेट्या रिकाम्या केल्या. फुकटची वडी सासऱ्यांनी तिथेच ठेवली. आमच्या घरात तो साबण अजून आलेला नाही.