झाकलेला पत्ता

वळ गावात विनिता भोईरविषयी शेजारणी म्हणत, "हिच्या पोटातली गोष्ट डॉक्टरलाही सापडायची न्हाय." नामाकाका म्हणत, "पोरगी न्हाय, तिजोरी हाय ती. आणि चावी खाडीत टाकलेली." हे चेष्टेत चाले. तिच्या भावाचं प्रकरण झालं आणि चेष्टा संपली. लोक तिला घरभेदी म्हणू लागले.

गावालगतच्या औषधांच्या गोदामात विनिता डेटाबेस सांभाळत असे. धाकटा भाऊ प्रितेश तिथेच शिफ्टचा सुपरवायझर. ती नोकरीला लागली तेव्हा सगळं गोदाम एकाच पासवर्डावर चाले. खांबावर, वज्रेश्वरीच्या तसबिरीखाली, तो मार्करनं लिहिलेला होता. नव्या माणसाला देवीच्या पाया पडायला नेत आणि तिथेच पासवर्ड दाखवत. पुढे एका हमालानं त्याच पासवर्डानं एका गिऱ्हाईक बाईचा पत्ता काढला आणि तिच्या दारात जाऊन तिला चाकूनं भोसकलं. ती वाचली, पण एक डोळा गेला.

विनितानं खांब रंगवून घेतला. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन दिलं आणि ज्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच त्याला दिसेल, अशी व्यवस्था केली. पार्सलवर नुसता क्रमांक. पत्ता उघडे तो थेट पार्सल जिथं पोहोचवायचं त्या शहरात. गोदामात तो अक्सा नावाच्या एकट्या कारकून मुलीला दिसे, कारण गिऱ्हाइकांच्या तक्रारी तिच्या टेबलावर येत. ही गोष्ट त्या दोघींपलीकडे गोदामात कुणाला ठाऊक नव्हती. पत्ते बघायचा स्वतःचा अधिकारही विनितानं काढून टाकला होता. तो परत मिळवायचा तर मुख्य कार्यालयाची मंजुरी लागे. नावाचा रकाना मात्र तिनं उघडा ठेवला. नुसत्या नावानं कुणाचं काय बिघडणार, असं तिला वाटलं.

प्रितेशनं बायकोचा, भाविकाचा, जबडा मोडला होता. ती दवाखान्यातूनच निघून गेली. कुठे, ते माहेरीही माहीत नव्हतं. आपण ऑनलाइन मागवलेली औषधं नवऱ्याच्याच गोदामातून निघतात, हे तिला कळणार कसं? एके दिवशी प्रितेशच्या पडद्यावर तिचं नाव आलं. पत्त्याच्या जागी फुल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला. हातात माल रचायच्या लाकडी पॅलेटची फळी होती. त्या दिवशी रजेवर असलेली विनिता ओट्यावर बोंबील वाळत घालत होती.

"ताई, भाविकाचा पत्ता दे."

"कशाला?"

"नांदवायला आणतो तिला."

"फळी घेऊन?"

फळी तिच्या खांद्यावर बसली. ती बोंबलांवर कोसळली.

"तूच झाकलंस ना? मग तूच उघड!"

त्यानं तोंडावर लाथ मारली. दोन दात ओट्यावर पडले. मग त्यानं तिचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि फळीच्या कडेनं बोटांवर घाव घातले. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यावर जमलेल्यांनी ऐकला. आई, गोदू, दारात उभी राहून ओरडत होती, पण लेकाला नव्हे.

"दे ना गं बाय, एक पत्ता तो काय! सख्खा भाव हाय तुझा!"

विनितानं आईकडे पाहिलं, रक्त थुंकलं आणि ओठ मिटले. प्रितेश आणखी पिसाळला. त्यानं फळी डोक्यावर उगारली, तेव्हा कुठे नामाकाका आणि आणखी काही जणांनी त्याला मागून धरलं. पोलीस येईपर्यंत तो त्यांच्या हातांना चावत होता.

कंपनीचा अधिकारी चौकशीला आला, तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी नामाकाका शहरातल्या दवाखान्यात आले. तिच्या बोटांत सळया घातल्या होत्या, ओठाला टाके होते. ते स्टुलावर बसले आणि चिडूनच म्हणाले, "अगो, तुला तो पत्ता दिसतच नव्हता म्हणं! मग तेवढं त्याच्या तोंडावर सांगायचं ना. हात तरी वाचला असता तुझा."

टाके सांभाळत विनिता म्हणाली, "मग कुणाला दिसतो, ते विचारलं असतं त्यानं."