आणखी अर्धा फेरा

“लड़की के हाथ में इतना ज़ोर कहाँ होता है, भाई साहब? निकलने से पहले खुद एक बार कस लेना.”

समोरच्या फ्लॅटमधले अंकल जिन्यात बाबांना सांगत होते. मी खाली पार्किंगमध्ये, एका स्कूटरच्या आड, बाबांच्या सायकलपाशी उकिडवी बसले होते. बाबा काय म्हणाले ते कळलं नाही. दोघं हसले, एवढं मात्र ऐकू आलं.

बाबांची पाठ दुखायची म्हणून मी हँडल दोन बोटं वर घेतलं होतं. ते धरून ठेवणारा बोल्ट हँडलच्या मधोमध वरून आत जातो. तो मी नीट आवळला होता. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळूनही पाहिलं होतं, हललं नव्हतं. काम तिथेच संपलं होतं.

तरीही मी पाना पुन्हा उचलला. जोर वाढावा म्हणून त्याच्या दांड्यावर पडद्याच्या जुन्या नळीचा तुकडा चढवला आणि सगळं अंग टाकून आणखी अर्धा फेरा दिला. बोल्ट करकरला. मग एकाएकी हाताला काहीच लागेना. पाना नुसताच फिरला.

मी परत चाक गुडघ्यांत धरलं. हलक्या हाताला हँडल घट्ट वाटत होतं. जोर लावला तेव्हा चाक जागीच राहिलं आणि हँडल तेवढं वळलं. मी घाईघाईने ते सरळ केलं. आता बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नसतं.

तेवढ्यात बाबा आले, मागोमाग अंकल. बाबांनी हँडलवर हात ठेवून पाठ ताठ केली. “वा! आता बिल्कुल बरोबर.”

“कस के देखा?” अंकलनी विचारलं.

“ज़रूरत नहीं. इसने किया है ना.”

अंकल हात मागे बांधून माझ्याकडे बघत होते. मी पाना ओढणीखाली धरला होता. गेटबाहेर उतार आहे आणि उतार संपतो तिथे बसचा रस्ता. तिथे बाबांना वळावं लागणार होतं. मी मनात वाक्य जुळवत होते, तेही इंग्रजीत, शाळेत उत्तर देण्याआधी जुळवायचे तसं. शाळेत ते जुळेपर्यंत दुसरंच कोणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं. इथे दुसरं कोणाला माहीतच नव्हतं.

बाबा सीटवर बसले. चौकीदाराने गेट उघडलं. सायकल चार हात पुढे गेली, आणि मी धावत जाऊन मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं.

“अगं, काय झालं?”

अंकलही जवळ आले होते.

“बाबा, उतरा. बोल्टची चूडी मेलीय, आटे गेलेत. अंकल जिन्यात बोलले ते मी ऐकलं, म्हणून जास्त आवळला.”