क्लबाचा एकुलता एक गोल

आमच्या हॉकी क्लबाच्या नावावर एकही गोल नाही. लोकांना वाटतं मी नम्रपणे बोलतोय. नम्रता कसली, खरोखरच नाही. पन्नासच्या दशकात गोंडपिपरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात हा क्लब तीन हंगाम चालला, पार चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन हरून आला, तरी एकाही पंचाने आम्हाला गोल दिला नाही. गोलकीपर मी होतो. म्हणजे गोल खाण्याचं खातं माझ्याकडे होतं, आणि ते भरभरून चाललं.

क्लब काढला आमच्या कप्तानाने. तो नागपूरला शिकायला गेला होता. तिथून मॅट्रिक नापास होऊन, पण खरीखुरी हॉकी स्टिक घेऊन परत आला. बाकीच्यांनी जंगलातून वाकड्या फांद्या शोधून आणल्या. चेंडू बांबूच्या मुळाचा. माझे पॅड म्हणजे तणसाने भरलेली पोती, पायांना सुतळीने बांधलेली. खेळ पलीकडे गेला की एक कालवड निवांत यायची आणि माझा डावा पाय खायला लागायची. सुदैवाने खेळ पलीकडे फारसा जात नसे.

मैदान म्हणजे धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या दोन बांध्या. त्या दोन सख्ख्या भावांच्या होत्या आणि मधोमध गुडघाभर उंचीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, होता. भावाभावांचं बोलणं बंद, त्यामुळे धुरा फोडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग आम्हीच खेळ बदलला. चेंडू धुऱ्याशी आला की तो स्टिकने वर उडवायचा, आपण उडी मारायची आणि पलीकडे जाऊन त्याला पुन्हा गाठायचं. ही सवय इतकी अंगात भिनली की चांद्याच्या सपाट मैदानावरसुद्धा आमचा गडी मधल्या रेघेवर आला की चेंडू हवेत भिरकावून टुणकन उडी मारायचा. समोरचे खेळाडू आधी दचकले. खाली साप आहे की काय म्हणून बघायला लागले. मग हसून हसून त्यांची पुरेवाट झाली, आणि हसता हसताच त्यांनी माझ्यावर गोल चढवले. पंच दर उडीला शिट्टी फुंकून दमले.

हे सगळं नुसत्या गमतीवर निभावलं असतं, पण आमच्या घरची एक गोष्ट त्यात अडकली होती. दसऱ्याला क्लबाचं उद्घाटन झालं, तेव्हा कप्तानाला भाषण चढलं. त्याचं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नुकतंच झालं होतं. साऱ्या गावासमोर छाती काढून तो म्हणाला, "आपल्या क्लबाचा गडी गोल मारत नाई, तोपर्यंत मी बाशिंग बांधत नाई." टाळ्या पडल्या. माझ्या वडिलांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, गोलाला असा किती वेळ लागतो? तुळशीचं लग्न लागलं की लगेच आपला मांडव, असा त्यांचा हिशेब होता.

तुळशीचं लग्न लागलं. पुढच्या वर्षीचंही लागलं. पोरगी अजून घरीच काऊन, असं पाहुण्यांनी विचारलं की आई खाली मान घालून सांगायची, "गोल नाई झाला." चिमूरच्या मावशीला वाटलं, गोल म्हणजे मुलाकडच्यांनी मागितलेली एखादी वस्तू. "मंग देऊन टाका ना एक," ती म्हणाली, "एवढ्यासाठी काऊन अडून बसले?"

शब्द मागे घे, असं कप्तानाला सांगणारे निघाले. तो ऐकायचा नाही. गावासमोर बोललेलं गिळलं तर तोंड कुठं दाखवू, म्हणायचा. वडील तर त्याच्यापेक्षा ताठ. मुलीच्या बापाने विनवण्या करायच्या नसतात, एवढंच त्यांचं म्हणणं. लग्नाआधी दोघांनी एकमेकांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून बहिणीचे निरोप मी न्यायचो. ते दिवसेंदिवस आखूड होत गेले.

तिसऱ्या हंगामातल्या शेवटच्या मॅचच्या सकाळी ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले सांग, आज गोल नाई झाला त साक्षगंधाचं लुगडं परत पाठवून देईन. मले पांढऱ्या केसांवर बाशिंग नाई पाहिजे." ती रागात असेल असं मला वाटलं होतं. पण पसरून झालेलीच फुलं ती पुन्हा गोळा करून पुन्हा पसरत होती, आणि मला कप्तानाचा असा संताप आला की त्याची ती नागपुरी स्टिक मोडून चुलीत घालावीशी वाटली.

मी पॅड बांधता बांधता निरोप दिला. कप्तान धुऱ्यावर बसला. "खरंच असं म्हणाली?"

"लुगडं घडी करूनही ठेवलं," मी जरा तिखटमीठ लावलं.

पाहुणा संघ गोंडपिपरीचा होता, आणि पंच त्यांच्याच शाळेतले मास्तर. पाहुण्यांना धुरा नवा, त्यामुळे निम्मा वेळ ते पडत होते. पण पडून उठलेलेसुद्धा आम्हाला भारी. कप्तान त्या दिवशी पिसाटासारखा खेळला. तीनदा त्यांच्या गोलाशी जाऊन पोचला आणि तीनदा चेंडू धानाच्या खुंटांना लागून भलतीकडे गेला. बाया बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांच्यात माझी बहीण होती, आणि ती मैदानाकडे बघतच नव्हती.

खेळ संपत आला. कप्तानाकडे चेंडू आला. तो धुऱ्यापाशी थांबला आणि त्याने एकदा बाभळीकडे बघितलं. मग पाठ फिरवली आणि चेंडू घेऊन सरळ माझ्याकडे पळत सुटला. आमचेच गडी "उलटा, उलटा" करत त्याच्यामागे धावले. पाहुणे नम्रपणे बाजूला झाले. माझ्या पुढ्यात येऊन तो धापा टाकत म्हणाला, "सरक बाजूले, साल्या."

आजवर त्याने मला गोलकीपरशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ही शिवी होती की नातं, हे ठरवायला वेळ नव्हता. मी सरकलो. चेंडू आत गेला.

मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि सांगितलं, आपल्याच गोलात मारलेला चेंडू नियमाने गोल धरत नाहीत. कप्तान, जो आम्हाला नियम शिकवून शिकवून छळायचा, शांतपणे म्हणाला, "तुमचा नसंल झाला मास्तर, माहा झाला."

गाव वाद घालायला लागलं. हा गोल म्हणायचा का? वडील घसा खाकरून काही बोलणार, एवढ्यात बाभळीखालून माझी बहीण उठली आणि सगळ्यांदेखत त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "क्लबाच्या गड्यानं मारला ना? मंग कुठी मारला ते तुम्ही नव्हतं सांगितलं."

मोहाचा हंगाम सरायच्या आत लग्न लागलं. पुढे कप्तान सगळ्यांना सांगायचा, पाय खुंटात अडकला आणि चेंडू चुकून गेला. सांगू दे. बहीण नुसती हसायची. चेंडू सावकाश आला होता, मला स्वच्छ दिसत होता. त्या तीन हंगामांत खंडीभर चेंडू माझ्या पायांतून गेले ते मला अडवता आले नाहीत म्हणून. जाणूनबुजून सोडला तो तेवढा एकच, आणि पंचाने नेमका तोच मोजला नाही.