वाढप्याचं ताट

आमच्या गल्लीत लग्न असो की बारसं, शेजारचे काका पंगतीत वाढायला हजर असतात. कमरेला पंचा, हातात बादली. कुणी ताटावर हात आडवा धरला की ते डाव्या हातानं तो अलगद बाजूला सारतात. "लाजू नका पाव्हणं, जिलबीला भोकंच लई, पोटात जागा लागत न्हाई." स्वतः मात्र सगळे उठल्यावर उभ्याउभ्याच काहीतरी खातात.

मला बढती मिळाली, म्हणून मी त्यांना बीडमधल्या नव्या बार्बेक्यू हॉटेलात नेलं. टेबलात मधोमध निखाऱ्यांची शेगडी, वर पनीरच्या आणि चिकनच्या सळया. पुरे म्हणेपर्यंत वेटर आणतच राहतात, हे ऐकून काका खूश झाले. पण बसवेना. पाचव्या मिनिटाला आमच्याच सळया घेऊन ते शेजारच्या टेबलाशी उभे. "घ्या की ताई, पनीर लई मऊ हाय!"

ताई गोंधळल्या. मी मान खाली घातली. मॅनेजर धावत आला. "काका, तुमी बसा. वाढायला आमची पोरं हायेत."

"ती कवा जेवणार?"

"गिऱ्हाईक उठल्यावर."

"मग मीबी त्यांच्यासंगच बसतो," काका म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसेना.

मी उठलो, त्यांच्या हातातल्या सळया घेतल्या, त्यांना आमच्या टेबलाशी आणून बसवलं आणि एक सळई त्यांच्या कोऱ्या ताटाशी नेली. त्यांनी घाईघाईनं दोन्ही हात आडवे धरले. मी डाव्या हातानं ते अलगद बाजूला सारले.

"लाजू नका, पाव्हणं."

काका खरोखरच लाजले.