लाल गोलातली टपरी

आमच्या रस्त्यावर चावीवाला एकच, आणि त्याला सगळे दुर्बीण म्हणतात. दुर्बीण त्याच्याकडे नाही, कधी नव्हतीही. आहे तो मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप. त्याचं झाकण मागे पडू नये म्हणून त्याला एक मोठं कुलूप टेकवलेलं असतं. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेले फोटो इंटरनेटवर फुकट मिळतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हा त्यात डोकं घालून बसतो आणि जुन्या मोहिमांनी तिथे काय काय टाकून दिलंय ते शोधतो. गिऱ्हाईक असलं तरी बसतो, हे मी फुटपाथवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी म्हणून जबाबदारीने लिहितो.

"सावली बघायची, सावली!" घराबाहेर अडकलेल्या माणसाला हा ऐकवणार. "दगडाची सावली गबाळी असते. यंत्राची सरळ, लांब. आणि भोवतीची माती काळपट, कारण माणसं चाललीत तिथे. वारा नाही, पाऊस नाही, पुसणार कोण?"

"अहो, माझा गॅस चालू आहे आत!"

"मग चावी सांभाळायची होती."

टपरीच्या दुसऱ्या अर्ध्यात वहिनी, म्हणजे त्याची बायको, सुऱ्या-कात्र्यांना धार लावते. तिच्या जिभेला वेगळी धार लावावी लागत नाही. "चंद्रावरचं भंगार सापडतं यांना, नाकावरचा चष्मा सापडत नाही," हे ती गिऱ्हाइकालाच सांगते, नवऱ्याला नाही.

तर नगरपालिकेने रस्ता रुंद करायचं काढलं. नियम असा की जुन्या हवाई फोटोत जी टपरी दिसेल ती राहणार, नाही दिसली तर जाणार. मी भांडून तो फोटो मिळवला. राखाडी, धुरकट, मला तर त्यात रस्ताही दिसेना. दुर्बिणीने मात्र वहिनीचं चाक एकदा फिरायच्या आत टपरी शोधली. ठिपका, त्याची सावली, पुढे पायांनी काळी झालेली माती. लाल पेनाने गोल केला आणि फोटो पिशवीत टाकला. त्याच पिशवीत त्याचे चंद्राचे छापील फोटो होते, आणि त्यांच्यावरही लाल गोलच होते.

सुनावणीला साहेबांनी विचारलं, "पुरावा?"

दुर्बिणीची सवय अशी की कोणी फोटो मागितला की आपला सगळ्यात चांगला आधी दाखवायचा. तो त्याने टेबलावर ठेवला. साहेब त्यावर वाकले.

"हां, हा आपला बाजाररस्ता. ओळखला मी. हा खड्डा बघा, गेल्या वर्षी यात रिक्षा गेली होती."

दुर्बीण चाचरत म्हणाला, "साहेब, तो खड्डा जरा... मोठा आहे."

"मला शिकवू नका. वॉर्ड माझा आहे!"

मला वाटलं हा घाबरला, म्हणून मी आवाज चढवला. कष्टकऱ्यांचा हक्क, पोटाचा प्रश्न, सगळं बोललो. फोटो कसला आहे हे मला कसं कळणार? राखाडी, सगळीकडे खड्डे. आमचाच रस्ता!

साहेबांनी सावलीवर पट्टी ठेवली. "टपरी जुनी आहे, मान्य. पण ही सावली बघता बांधकाम फारच उंच. गोलातलं बांधकाम पाडा." आणि फोटोच्या पाठीवर शिक्का.

जिन्यात दुर्बीण म्हणाला, "भाऊ, तो चंद्र होता."

"कोण चंद्र?"

"फोटो."

मी त्याला कॉलरला धरून परत वर नेलं. कारकून म्हणाला, "शिक्का बसलेला फोटो बदलता येत नाही. तक्रार असेल तर चंद्राकडे करा."

वहिनीने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. चाक काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि त्यावर हात ठेवून बसली. दोघांचं पोट त्या टपरीवर. दुर्बीण समोर उभा राहून नुसता किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. मला दोघांचाही राग आला आणि कोणाचाच आला नाही.

ठरल्या दिवशी सकाळीच जेसीबी आला. पथकाचा मुकादम फोटो हातात धरून खड्डे मोजत पुढे सरकला. "हा इथे... तो तिथे... जुळतंय सगळं." आमच्या रस्त्यावर न जुळून सांगतात कोणाला! निळ्या टपरीपाशी मात्र तो अडला.

"फोटोत तर पांढरं दिसतंय."

"टपरी पहिल्यापासून निळीच आहे," वहिनी म्हणाली.

"मग हे काय आहे?"

दुर्बीण म्हणाला, "मी खरं सांगतो, तो चंद्र आहे."

"सकाळी सकाळी घेतलीस का? कागदावर पत्ता या रस्त्याचा आहे. फोटोत काय दिसतं तेवढं सांग."

एवढं म्हटल्यावर तो थोडाच गप्प बसणार! "वस्तू पांढरी. ऊन तिरपं येतंय, म्हणून सावली लांब पडलीय. आणि सावली नीट बघा, पाय चार आहेत."

"तुझ्या टपरीला किती?"

"दोन. मागून भिंतीला टेकलीय."

मुकादमाने मान वळवली. आम्हीही वळवली. रस्त्यापलीकडे सकाळच्या उन्हात, लांब सावली टाकून, चार लोखंडी पायांवर एक पांढरीशुभ्र खोली उभी होती. नगरपालिकेची अतिक्रमण तपासणी चौकी. साहेबांनी स्वतः फीत कापलेली.

"वॉचमनला बाहेर बोलवा," मुकादम म्हणाला.

वॉचमन चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि चौकी आडवी झाली. फाइलवर शेरा पडला की गोलातलं बांधकाम हटवलं. साहेब धावत आले, लालबुंद झाले, पण फोटो चुकीचा म्हणावं तर शिक्का त्यांचाच! प्रकरण बंद झालं. कागदावर आमची टपरी पाडली गेली, आणि पाडलेली टपरी पुन्हा कोणाला पाडता येत नाही, हे मी साहेबांना चारचौघांत समजावून सांगितलं.

वहिनीने चाक गोणपाटातून काढून जागेवर बसवलं. दुर्बीण मात्र पलीकडे, चार पायांच्या चार खुणांमध्ये उकिडवा बसलेला.

"या इकडे, गिऱ्हाईक थांबलंय!"

"अगं, माती बघ कशी काळपट झालीय. वरून काय सुरेख दिसेल! पाऊस यायच्या आत कोणीतरी फोटो काढला पाहिजे." तो आकाशाकडे मान करून चालत निघाला.

"वर नका बघू," वहिनी ओरडली. "पुढे रिक्षावाला खड्डा आहे!"