घरातली सफ

अहेरीच्या त्या मोहल्ल्यात कोणी बाई वारली की पहिला निरोप मैमुनाबीकडे यायचा. मयताला शेवटची आंघोळ, गुसल, घालायचं काम तिला सासूने शिकवलं होतं. कोमट पाणी, बोरीचा पाला, कापूर; आणि चादरीखालून हात असा फिरवायचा की गेलेल्या बाईची लाज राहिली पाहिजे. एरवी ती नवऱ्याच्या दुकानातल्या गाद्या-रजयांना टाके घालायची. नवरा बशीरभाऊ, जातीचा पिंजारी.

बशीरभाऊ चिडका, पण नमाजाचा पक्का. पाची वेळा मशिदीत, तेही पहिल्या सफेत. सफ म्हणजे नमाजाला खांद्याला खांदा लावून उभी राहते ती रांग. मैमुनाबी मात्र जन्मभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटई टाकून एकटीच नमाज पढत आली होती. मशीद तिने बाहेरूनच पाहिलेली.

कोरोनाच्या पहिल्या साली भोंग्यावरून सांगितलं गेलं, की मशिदीत फक्त तिथे राहणारे दोन-चार जण नमाज पढतील, बाकीच्यांनी घरीच पढावी. तरी शुक्रवारी बशीरभाऊ अत्तर लावून जुम्म्याच्या नमाजाला निघाला आणि मशिदीच्या दारातूनच परत आला. टोपी खाटेवर फेकली. जुम्मा बुडवायला लावणारा हा कसला कायदा, म्हणून दिवसभर कुरकुरत राहिला. जेवलाही नाही धड.

संध्याकाळी मशिदीच्या इमामांचा, हाफिजसाहेबांचा फोन आला. मूळचे बल्लारशाचे, बोलणं सावकाश. त्यांनी समजावलं, की कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, शेजाऱ्याला वासाचा त्रास होतो, असं खुद्द पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलंय. नुसत्या वासासाठी एवढी काळजी, मग जीव घेणाऱ्या रोगासाठी किती असावी? जीव राखणं हाही शरियतचाच हुकूम. जुम्म्याऐवजी घरी जोहर, म्हणजे रोजची दुपारची नमाज, पढली तर गुनाह नाही.

"पण मी बिमार नाई ना, हाफिजसाहेब," बशीरभाऊ म्हणाला.

"ते तुमाले तरी कुठी माहीत आहे, अन् मले तरी कुठी?"

बशीरभाऊने खाटेवरची टोपी उचलून खुंटीला अडकवली.

रमजान लागला तसा वेगळाच पेच आला. तरावीह म्हणजे रमजानातली रात्रीची लांब नमाज. ती घरच्यांना मागे घेऊन घरीच पढा, असा हाफिजसाहेबांचा निरोप होता. पण जन्मभर दुसऱ्याच्या मागे उभं राहिलेल्या बशीरभाऊला पुढे उभं राहायची लाज वाटू लागली. कुराणातल्या चार छोट्या सुऱ्या, म्हणजे अध्याय, सोडले तर त्याला काही पाठ नव्हतं, आणि बायकोला ते कळणार होतं. ही अडचण सोडवली जुलेखाभाभीने. ही मैमुनाबीची थोरली जाऊ. विधवा, शेजारच्याच खोलीत राहायची, तोंडाने फटकळ.

"येतात त्याच सुऱ्या पढा भाऊजी," ती म्हणाली. "अल्ला काई परीक्षा घेऊन नाई राह्यला."

बशीरभाऊ पुढे उभा राहिला, मागे दोघी जावा. भाभीचा खांदा आपल्या खांद्याला टेकला तेव्हा मैमुनाबीला कसंसंच झालं. एवढी वर्षं नमाज पढली, पण शेजारी कोणी नव्हतं कधी. मध्येच बशीरभाऊ अडला. अशा वेळी बाईने बोलायचं नसतं, हातावर हात वाजवायचा असतो. भाभीने तो इतक्या जोरात वाजवला की सलाम फिरवून नमाज संपल्यावर तिघंही हसत सुटली. टाळेबंदी लागल्यापासून बशीरभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

मधे काही महिने मशीद उघडली. पुढच्या उन्हाळ्यात रोग दुप्पट जोराने आला आणि पुन्हा बंद झाली. त्याच रमजानात जुलेखाभाभीला दम लागला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, आठवडाभर ऑक्सिजनवर ठेवलं, आणि एका सकाळी फोन आला.

मैमुनाबीने रडत रडतच चूल पेटवली. पाणी ठेवलं, बोरीचा पाला धुतला, कफनाचं कापड काढलं. तेवढ्यात शेजारच्या गिरजाबाई आल्या. त्या आशा वर्कर होत्या. मयत घरी येणार नाही, गाडी सरळ कब्रस्तानात जाईल, अन् पिशवी उघडता येणार नाही, हे त्यांनाच सांगावं लागलं. मैमुनाबी कफनाचं कापड मांडीवर घेऊन चुलीजवळ बसली.

"साऱ्या मोहल्ल्याच्या बायकाईले म्या आंघोळ घातली. अन् माह्या भाभीले तशीच जाऊ देऊ?"

बशीरभाऊ तिच्याजवळ जमिनीवर बसला. तो आता वाद घालेल असं गिरजाबाईंना वाटलं होतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "जिथी पाणी चालत नाई तिथी माती चालते, मैमुना. हे कोणी आज काढलेलं नाई, आधीपासूनच आहे. मी हाफिजसाहेबाले इचारतो."

हाफिजसाहेबांनी नागपूरच्या मुफ्तींना विचारून सांगितलं, की पिशवी न उघडता वरूनच तयम्मुम करा, म्हणजे पाक, शुद्ध मातीवर हात मारून तो मयताच्या तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचा. पण बाईच्या मयताला बाईनेच करावं. कब्रस्तानात इथल्या बायका कधी जात नव्हत्या. "तुमी या," हाफिजसाहेब तिला फोनवर म्हणाले. "कोणी काई म्हटलं तर मी आहे."

गिरजाबाईंनी तिला पांढरा किट चढवला, हातमोजे मनगटावर चिकटपट्टीने बांधले. भर उन्हात मैमुनाबी जन्मात पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेली. खोदलेल्या कबरीची ताजी माती बाजूला पडली होती. तिने त्यावर दोन्ही हात मारले, झटकले, आणि पिशवीवरून जिथे भाभीचा चेहरा असावा तिथून फिरवले. पुन्हा मातीवर हात मारले, मग एका हातावरून, मग दुसऱ्या. खाली अंग होतं की नुसती घडी, हेही हाताला नीट कळेना. तरी तिने घाई केली नाही.

जनाज्याच्या नमाजाला चार-पाच पुरुषच होते. थोड्यांनी पढली तरी सगळ्या वस्तीवरचं कर्ज उतरतं, असं हाफिजसाहेबांनी सांगितलं. पुरुषांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, मैमुनाबी एकटीच उभी राहिली.

पावसाळा सरल्यावर मशीद उघडली. बशीरभाऊ पहिल्या दिवशी गेला आणि डोळे पुसत परत आला. पुढच्या रमजानात इशाची, म्हणजे रात्रीची नेहमीची नमाज मशिदीत पढून तो तरावीहला घरी यायचा. काही जणांनी टोकलं, तेव्हा मशिदीतली जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, चालूच आहे, घरी पढली तरी हरकत नाही, असं हाफिजसाहेबांनीच सांगून टाकलं. गल्लीतल्या दोन बायका मैमुनाबीच्या शेजारी येऊन उभ्या राहू लागल्या.

रमजान सरल्यावर दिवसा मात्र तिच्याकडे वेगळ्याच बायका येऊ लागल्या. कोणाची आई तशीच पिशवीत गेली होती, कोणाची बहीण. आष्टीहून, आलापल्लीहून यायच्या आणि एकच विचारायच्या, की ती पाक होऊन गेली ना? मैमुनाबी त्यांना चहा द्यायची. मग हात पुढे करून दाखवायची, माती कशी घेतली, कुठून कुठवर फिरवली.

"माह्या भाभीचं असंच केलं म्या," ती ताट पुढे सरकवत म्हणायची. "काई कमी नाई राह्यलं. तू जेव आता."